पॅनल क्विल्टचं डिझाइन सॉफ्टवेअरवर कसं करायचं: पॅनलच्या मापापासून कटिंगच्या यादीपर्यंत

पॅनल क्विल्ट सोपा असतो असं सगळे म्हणतात आणि मग हमखास एकाच ठिकाणी अडकतात. मध्ये सुंदर छापील पॅनल (अख्खं चित्र छापलेला कापडाचा तुकडा), बाजूने ब्लॉक (लहान तुकडे जोडून शिवलेले चौकोन), स्क्रीनवर सगळं व्यवस्थित दिसतंय, पण प्रत्यक्षात शिवायला घेतलं की ब्लॉकची रांग पॅनलपेक्षा पाऊण इंच मोठी निघते. मग कुणी ताणून बसवतं, कुणी प्लीट घालतं, कुणी शेवटचा ब्लॉकच कापून टाकतं. याचं कारण बहुतेक वेळा शिवण नसतंच, कारण डिझाइनमध्ये असतं. पॅनलच्या लेबलवर लिहिलेलं माप सॉफ्टवेअरमध्ये टाकलेलं असतं, किंवा पॅनलच्या विचित्र मापाला भाग जाईल असा ब्लॉक शोधत बसलेलं असतं, आणि तसा ब्लॉक सापडतच नाही.

खरा उपाय एकच आहे. पॅनल स्वतः मोजायचा, त्याच्याभोवती एक साधी पट्टी लावून त्याला भाग जाणाऱ्या सरळ आकड्यावर आणायचं आणि बाकीचं सगळं त्या आकड्यावर बांधायचं. या पट्टीला क्विल्टिंगमध्ये कोपिंग स्ट्रिप म्हणतात, आपण कोपिंग पट्टी म्हणूया.

मी इथे इलेक्ट्रिक क्विल्ट ८, म्हणजे ईक्यू८ धरून सांगतेय कारण जास्त लोक तेच वापरतात. ते विकत घ्यावं लागतं. नसेल तर इंकस्केपसारख्या फुकट ड्रॉइंग प्रोग्रॅममध्येही हेच सगळं करता येतं, तिथला एक गोंधळ आहे तो पुढे सांगते. मापं सगळी इंचातच ठेवा, कारण रोटरी कटिंगचे (गोल पात्याच्या कटरने कापायचे) रूलर आणि ब्लॉकचे पॅटर्न बहुतेक इंचातच येतात आणि मध्येच सेंटिमीटर घुसवलं की चुका सुरू.

१. कॉम्प्युटर चालू करायच्या आधी: पॅनलची तयारी

पॅनल बहुतेक वेळा २४ × ४४ किंवा ३६ × ४४ इंच असं लिहून येतो. त्यातला ४४ हा कापडाचा पूर्ण पन्हा असतो, त्यात दोन्हीकडची किनार धरलेली असते, आणि २४ मध्ये उरलेल्या दोन कडांना सोडलेली पांढरी पट्टी धरलेली असते. म्हणजे वापरता येणारं चित्र त्याहून बरंच लहान असतं.

आधी धुवायचं की नाही? मिलमध्ये छापलेला कॉटन पॅनल असेल तर मी एकटा पॅनल धुवत नाही, कारण धुतल्यावर तो तिरका होतो आणि चित्राची चौकट वाकडी दिसायला लागते. फक्त रंग जातो का ते बघते: पांढरं ओलं फडकं गडद भागावर दाबून धरायचं, फडक्याला रंग लागला तर मात्र धुवावाच लागेल. हाताने छापलेलं कापड, म्हणजे कलमकारी किंवा ब्लॉक प्रिंटचा तुकडा मध्ये लावणार असाल तर तिथे उलटा नियम, आधी धुवायचा, वाळवायचा आणि मगच मोजायचा. ते कापड रंगही सोडतं आणि आटतंही, आणि शिवल्यानंतर आटलं तर आजूबाजूचे ब्लॉक ओढले जातात.

मग इस्त्री. स्टार्चचा फवारा मारा, मिनिटभर मुरू द्या आणि इस्त्री दाबून उचला, घासू नका, घासली की कापड तिरकं ताणलं जातं. चित्र तिरकं छापलेलं असेल (पुष्कळ पॅनल असतात तसे) तर पॅनल किंचित ओलसर करून जी दोन समोरासमोरची टोकं आखूड वाटतात ती हलक्या हाताने तिरकी ओढा, बोर्डवर पिना लावून चौकोनी करा आणि तसाच वाळू द्या.

एवढं करूनही चित्र आणि कापडाचा धागा जुळत नसेल तर कापताना चित्र सरळ ठेवा, धागा नाही. बघणाऱ्याला चित्राची चौकट दिसते, धागा दिसत नाही. फक्त मग कडा थोड्या तिरक्या धाग्यावर येतात आणि ताणल्या जातात, म्हणून स्टार्च जास्त मारा आणि कापल्या कापल्या कडेपासून १ सूत आत, म्हणजे इंचाच्या आठव्या भागावर, एक साधी शिलाई फिरवून घ्या.

आता मोजणी. रुंदी तीन ठिकाणी मोजा: वर, मध्ये, खाली. उंचीही तीन ठिकाणी: डावीकडे, मध्ये, उजवीकडे. तिन्ही आकडे लिहून ठेवा आणि त्यातला सगळ्यात लहान घ्या. मोजताना ठरवा की चित्राचा नेमका कुठवरचा भाग दिसायला हवाय. पॅनलला छापील चौकट असेल तर ती पूर्ण ठेवायची की पूर्ण काढायची हे आत्ताच ठरवा, अर्धी चौकट शिलाईत गेली की क्विल्ट कायमचा वाकडा दिसतो.

पुढे सगळीकडे मी एकच उदाहरण घेणार आहे. लेबलवर २४ × ४४ आणि मोजल्यावर दिसणारं चित्र निघालं साडेबावीस × पावणेएक्केचाळीस, म्हणजे २२.५ × ४०.७५ इंच.

सावध: पॅनल अजून कापायचा नाही. डिझाइन पक्कं होईपर्यंत कडेचं एक इंचही कापड काढू नका. किनारीवर छोटे रंगीत गोल छापलेले असतात, त्या कापडात वापरलेले सगळे रंग त्यात असतात, दुकानात कापड जुळवायला त्याच्यासारखी दुसरी सोय नाही.

२. तयार माप आणि कापायचं माप: हे वेगळं लिहूनच ठेवा

सगळ्यात जास्त गडबड इथे होते म्हणून वेगळा मुद्दा केलाय. सॉफ्टवेअर नेहमी तयार माप मागतं, म्हणजे शिवून झाल्यावर जे दिसणार ते. कापायचं माप म्हणजे तयार माप अधिक अर्धा इंच, कारण प्रत्येक बाजूला पाव इंच शिलाईत जातो.

म्हणजे आपला पॅनल सॉफ्टवेअरमध्ये २२.५ × ४०.७५ आणि कापताना २३ × ४१.२५. चित्राच्या कडेबाहेर पाव इंच कापड शिल्लक आहे का ते बघा. नसेल तर तो पाव इंच चित्रातूनच जाणार, मग तयार माप तेवढं कमी धरा, म्हणजे दोन्ही बाजूंना नसेल तर २२.५ च्या जागी २२.

एका कागदावर दोन रकाने करा, डावीकडे तयार, उजवीकडे कापायचं, आणि जो आकडा येईल तो दोन्हीकडे लिहा. वहीच्या पानाएवढं काम आहे, पण कुठल्या आकड्यात अर्धा इंच मिळवलाय आणि कुठल्यात नाही हा प्रश्न परत पडत नाही.

३. कोपिंग पट्टीचा हिशोब

हा या लेखाचा गाभा आहे, इथे घाई नको.

आपल्याला हवाय असा ब्लॉक ज्याच्या पटीत रुंदीही बसेल आणि उंचीही, आणि पॅनल ते माप यांच्यातला फरक भरून काढणारी पट्टी चारही बाजूंना साधारण सारखी दिसेल. गणित सोपं आहे: हवं ते माप वजा पॅनलचं माप, भागिले दोन, ही पट्टीची तयार रुंदी. त्यात अर्धा इंच मिळवला की कापायची रुंदी.

आता आपल्या २२.५ × ४०.७५ वर वेगवेगळे ब्लॉक लावून बघू.

६ इंची ब्लॉक: जवळचं माप २४ × ४२. बाजूची पट्टी पाऊण इंच, वर-खाली ५ सूत. फारच बारीक. एवढ्या अरुंद पट्टीत शिलाई एक सूत जरी हलली तरी ती लगेच डोळ्यात भरते. पुढचं माप ३० × ४८, पट्टी पावणेचार आणि साडेतीनवर १ सूत. चालेल, पण पट्टी रुंद होते आणि चित्र एकटं पडतं.

८ इंची ब्लॉक: २४ × ४८. बाजूला पाऊण इंच आणि वर-खाली साडेतीनवर १ सूत. हे तर सरळ सोडून द्या.

४ इंची ब्लॉक: २८ × ४४. बाजूला पावणेतीन, वर-खाली दीडवर १ सूत. फरक सव्वा इंचाच्या आसपास, नजरेला खटकतो.

९ इंची ब्लॉक: २७ × ४५. बाजूला सव्वादोन, वर-खाली दोनवर १ सूत. दोन पट्ट्यांत फक्त एका सुताचा फरक, तो कुणाला दिसणार नाही. आणि २७ म्हणजे ३ ब्लॉक, ४५ म्हणजे ५ ब्लॉक. हेच घ्यायचं.

तुमच्या पॅनलचे आकडे वेगळे असतील तर हाच खेळ ४, ५, ६, ८, ९, १० आणि १२ इंची ब्लॉकवर खेळा, दहा मिनिटांत उत्तर मिळतं. माझा अंदाज असा की पट्टी एक ते अडीच इंचात असावी आणि आडव्या-उभ्या पट्टीत दोन सुतांपेक्षा जास्त फरक नसावा. इतकं जुळतच नसेल तर पॅनलचं चित्रच अर्धा-पाऊण इंच कमी दाखवता येतं का बघा, आकाश किंवा साधी पार्श्वभूमी असेल तर तेवढं गेल्याने काही बिघडत नाही.

अजून एक गोष्ट इथेच तपासायची. दोन प्रकारचे ब्लॉक आलटून पालटून लावणार असाल तर कोपरे सोडून प्रत्येक बाजूला ब्लॉकची संख्या विषम हवी. आपल्याकडे ३ आणि ५ आहे म्हणून चारही कोपऱ्यांना एकच ब्लॉक येतो. ४ किंवा ६ आले असते तर एका कोपऱ्यात एक ब्लॉक आणि शेजारच्या कोपऱ्यात दुसरा आला असता, आणि ते स्क्रीनवर पटकन लक्षात येत नाही.

तपासा: पॅनल २२.५ अधिक दोन पट्ट्या ४.५ बरोबर २७. पॅनल ४०.७५ अधिक ४.२५ बरोबर ४५. दोन्ही जुळले तरच पुढे जा.

४. पॅनलचा फोटो सॉफ्टवेअरमध्ये आणणं

पॅनल भिंतीवर सपाट लावा किंवा जमिनीवर पसरा आणि बरोबर समोरून, मधोमध उभं राहून फोटो काढा. दिवसाच्या उजेडात, सावलीत, फ्लॅश बंद. फोनच्या एडिटरमध्ये फोटो सरळ करा, कोन दुरुस्त करा आणि जो भाग दिसणार आहे त्याच्या कडेवर नेमका क्रॉप करा. आपलं चित्र २२.५ × ४०.७५ आहे, तर क्रॉप केलेल्या फोटोचं प्रमाणही तेच यायला हवं: उंची भागिले रुंदी साधारण १.८१. पिक्सेलचे आकडे बघून भागाकार करा. १.७ किंवा १.९ आलं तर फोटो तिरक्या कोनातून काढलाय किंवा क्रॉप चुकलाय.

ईक्यू८ मध्ये इमेज वर्कटेबलवर फोटो इम्पोर्ट करा आणि प्रोजेक्टमध्ये फोटो म्हणून सेव्ह करा, फॅब्रिक म्हणून नाही. फॅब्रिक म्हणून आणलं की सॉफ्टवेअर त्याला थानातलं छापील कापड समजतं आणि बाथरूमच्या टाइल्ससारखं तेच चित्र शेजारी शेजारी लावत जातं, मग तुमच्या पॅनलमधल्या मोराची अर्धी मान एका कडेला आणि उरलेली दुसऱ्या कडेला. फॅब्रिक म्हणूनच हवा असेल तर त्याचा स्केल खऱ्या इंचांवर आणावा लागतो.

बाजूच्या कापडांचे फोटो मात्र फॅब्रिक म्हणूनच आणा, आणि त्यांचाही स्केल द्या. फोटो काढताना कापडावर टेप ठेवा म्हणजे चित्रातला किती भाग किती इंच आहे ते कळतं. स्केल न देता मोठ्या फुलांचं कापड लावलं की स्क्रीनवर ते बारीक बुट्टीचं दिसतं, तुम्ही त्यावर खूश होऊन ते घेता आणि ३ इंची चौकोनात प्रत्यक्ष एका पाकळीचा तुकडा येतो.

५. सॉफ्टवेअरमध्ये मांडणी: आतून बाहेर

नवीन क्विल्ट घेताना कस्टम सेट लेआउट निवडा आणि मधल्या आयताचं माप पॅनलएवढं द्या: रुंदी २२.५, उंची ४०.७५. ओढून-ताणून माप देऊ नका, आकडे टाइप करा. त्या जागेत पॅनलचा फोटो ठेवा, तोही तेवढ्याच मापाचा.

मग बॉर्डर टॅबमध्ये जाऊन आतून बाहेर एकेक बॉर्डर लावा.

पहिली बॉर्डर, कोपिंग पट्टी. चारही बाजू एकसारख्या ठेवणारा टिक काढून टाका, मग डावी-उजवी २.२५ आणि वर-खाली २.१२५ द्या. स्टाइल लाँग हॉरिझाँटल. म्हणजे आडव्या पट्ट्या पूर्ण रुंदीच्या आणि उभ्या पट्ट्या पॅनलच्या उंचीएवढ्याच. शिवतानाही याच क्रमाने जायचं, आधी बाजूच्या, मग वर-खालच्या. स्टाइल आणि शिवायचा क्रम जुळला नाही तर प्रिंटमधल्या पट्ट्यांच्या लांब्या चुकीच्या येतात.

दुसरी बॉर्डर, ब्लॉकची. चारही बाजूंना रुंदी ९, स्टाइल ब्लॉक्स, आडवे ३ आणि उभे ५. कोपऱ्यात आपोआप ९ × ९ चा चौकोन येतो. सगळे मिळून २० ब्लॉक.

तिसरी बॉर्डर साधी, चारही बाजूंना ४.५.

तपासा: पूर्ण क्विल्टचं माप ५४ × ७२ दिसायला हवं. २७ अधिक १८ अधिक ९ बरोबर ५४, आणि ४५ अधिक १८ अधिक ९ बरोबर ७२. यात पाव इंचाचाही फरक असेल तर कुठल्यातरी बॉर्डरला चुकीचा आकडा गेलाय, आत्ताच शोधा.

इंकस्केप वापरणाऱ्यांसाठी: तिथे चौकोनाला जाड रेघ दिलेली असेल तर माप दाखवताना तो रेघेची जाडीही धरतो, म्हणजे ९ इंची चौकोन ९.०४ वगैरे दिसतो आणि तुम्ही तो "बरोबर" करायला जाता. प्रेफरन्सेसमध्ये बाउंडिंग बॉक्स जॉमेट्रिक करा किंवा रेघ काढून फक्त रंग भरा. आणि ग्रिड पाव इंचाची ठेवून स्नॅप चालू करा. फक्त कोपिंग पट्टीला आकडे हाताने टाइप करा, ती ग्रिडवर बसणार नाही.

६. ब्लॉक निवडताना

९ इंची ब्लॉक घेतला की त्याची आतली ग्रिड ३ × ३ ची असलेली बरी, म्हणजे प्रत्येक घर बरोबर ३ इंच. ओहायो स्टार (त्रिकोणांच्या टोकांचा तारा) आणि नाइन पॅच (नऊ चौकोनांचा ब्लॉक) दोन्ही ३ × ३ चे आहेत. सॉटूथ स्टार ४ × ४ चा असतो, ९ इंचात त्याचं घर सव्वादोन इंच येतं, शिवता येतो पण पहिल्यांदा करताना कशाला. सॉफ्टवेअर कुठलाही ब्लॉक कुठल्याही मापात बसवून दाखवतं, ५ × ५ ची ग्रिड ९ इंचात टाकली तरी तक्रार करत नाही. मग कटिंग चार्टमध्ये १.८ इंचाचे तुकडे येतात, चार्ट ते जवळच्या सुतावर गोल करतो आणि वीस ब्लॉकमध्ये तो फरक साचतो.

मी इथे कोपऱ्यात ओहायो स्टार ठेवून पुढे एक आड एक नाइन पॅच लावेन. मोजलं तर १० स्टार आणि १० नाइन पॅच येतात. वरची रांग कोपऱ्यांसकट स्टार, नाइन, स्टार, नाइन, स्टार. बाजूची रांग नाइन, स्टार, नाइन, स्टार, नाइन.

पॅनल खूप भरगच्च असेल, बारीक काम, पुष्कळ रंग, तर ब्लॉक साधे ठेवा. अख्ख्या क्विल्टमध्ये एकाच ठिकाणी गर्दी हवी. पॅनल गच्च आणि वीसच्या वीस स्टार केले तर नजर कुठे थांबवायची कळत नाही, आणि एवढे पैसे देऊन आणलेलं चित्रच मागे पडतं.

७. रंग लावणं

पॅनलमधले तीन-चारच रंग उचला. सगळ्यात जास्त दिसणारा रंग बाहेरच्या बॉर्डरला शोभतो असं वाटतं, पण बरेचदा उलटं होतं, पॅनलमध्ये अगदी थोडा असलेला गडद रंग बॉर्डरला लावला की चित्र उठून येतं. सॉफ्टवेअरचा हाच तर फायदा, दोन्ही करून बघा, प्रत्येक वेळी प्रोजेक्टमध्ये वेगळी कॉपी सेव्ह करा आणि शेजारी शेजारी ठेवून बघा.

कोपिंग पट्टी चित्राच्या कडेच्या रंगाची ठेवली की पट्टी वेगळी दिसत नाही, चित्रच थोडं मोठं झाल्यासारखं वाटतं. आपल्या उदाहरणात उभ्या-आडव्या पट्टीत एका सुताचा फरक आहे, तो लपवायलाही हेच बरं. विरुद्ध रंगाची पट्टी फोटोफ्रेमसारखी छान दिसते, पण मग पॅनल अगदी काटकोनात कापलेला हवा.

तपासा: स्क्रीनशॉट घेऊन फोनमध्ये ब्लॅक अँड व्हाइट करा. स्टारची टोकं आणि त्यांची पार्श्वभूमी एकच करडा रंग झाली तर प्रत्यक्षातही स्टार दिसणार नाही, रंग कितीही वेगळे असोत.

सावध: स्क्रीनवरचा रंग बघून ऑनलाइन कापड मागवू नका. किनारीवरचे रंगीत गोल दुकानात घेऊन जा, दुकान लांब असेल तर आधी छोटा तुकडा मागवा.

८. कापडाचा हिशोब

ईक्यू८ यार्डेज, म्हणजे कुठलं कापड किती यार्ड लागेल ते, काढून देतं, पण प्रिंट करताना कापडाचा पन्हा विचारतं तिथे ४४ ठेवू नका. किनार आणि वाकडा काठ काढला की हातात ४० ते ४२ इंच राहतात, म्हणून ४० धरा. भारतात घेतलेलं कापड असेल तर आधी दुकानात पन्हा मोजा, ३६ पासून ६० पर्यंत काहीही असू शकतं.

सॉफ्टवेअरचे आकडे एकदा हाताने पडताळा, निदान लांब पट्ट्यांचे.

कोपिंग पट्टी: बाजूच्या दोन पट्ट्या ४१.२५ लांब आहेत, म्हणजे ४० च्या पन्ह्यात एका तुकड्यात बसत नाहीत, जोड द्यावा लागेल. जोड नको असेल तर कापड उभ्या धाग्यात घ्या, त्यासाठी सव्वा मीटर आणावं लागेल आणि उरलेलं ब्लॉकमध्ये वापरायचं. मला एवढ्या पुढ्यात जोड आवडत नाही, मी उभंच कापते.

बाहेरची बॉर्डर: ५ इंच रुंद कापायची, बाजूच्या ६३.५ लांब, वर-खालच्या ५४.५. एकूण २३६ इंच. ४० च्या हिशोबाने ६ पट्ट्यांत जेमतेम बसतंय असं दिसतं, पण जोडांत कापड जातं, म्हणून ७ धरा. ७ × ५ म्हणजे ३५ इंच, सव्वा यार्ड आणा. कापडावर डोकं वर करून उभी असलेली फुलं किंवा प्राणी असतील तर चारही बाजूंना ती उभी राहणार नाहीत, त्या कापडाचा हिशोब वेगळा होतो.

बाइंडिंग (क्विल्टच्या कडा बंद करणारी पट्टी): परीघ २५२ इंच, वर १२ इंच जास्त. अडीच इंची ७ पट्ट्या, साडेसतरा इंच. अर्धा यार्ड १८ इंच होतो, तो काठावरच आहे, पाऊण आणा.

बॅकिंग (क्विल्टच्या मागचं कापड): चारही बाजूंना ४ इंच जास्त धरून ६२ × ८० इंच. लाँगआर्मवर, म्हणजे मोठ्या क्विल्टिंग मशीनवर, क्विल्टिंगला देणार असाल तर एवढं लागतंच, आणि ते किती मागतात ते आधी विचारून घ्या.

यार्ड ते मीटर: ०.९१४ ने गुणा. १ यार्ड ३६ इंच आणि १ मीटर ३९ इंचांहून थोडं जास्त, म्हणून यार्डचा आकडा मीटरमध्ये तसाच मागितला तर कापड थोडं उरतं. उलट केलं तर कमी पडतं.

पॅनल जर फॅब्रिक म्हणून आणला असेल तर यार्डेजच्या यादीत त्याचीही ओळ येते. ती सोडून द्या.

९. प्रिंट आणि एक नमुना ब्लॉक

रोटरी कटिंगचा चार्ट प्रिंट करताना ब्लॉकचं तयार माप ९ × ९ आहे ना बघा. ओहायो स्टारसाठी असे आकडे यायला हवेत: मधला आणि कोपऱ्यांचे चौकोन साडेतीन इंच, त्रिकोणांसाठी सव्वाचार इंची चौकोन दोन्ही तिरप्या रेघांवर कापून चार-चार त्रिकोण. एका ब्लॉकला सव्वाचारचे २ चौकोन स्टारच्या रंगाचे आणि २ पार्श्वभूमीचे, म्हणजे दहा ब्लॉकला २० आणि २०. नाइन पॅचला साडेतीनचे ९ चौकोन, बस.

टेम्प्लेट (कापायचे कागदी साचे) प्रिंट करणार असाल तर प्रिंटरमध्ये "फिट टू पेज" बंद आणि स्केल १०० टक्के. प्रिंट झाल्यावर टेप लावून मोजा, तीन इंचाची रेघ तीन इंच आली का.

मग शिलाईची परीक्षा. दीड इंच रुंद तीन पट्ट्या एकमेकींना जोडा, इस्त्री करा. एकूण रुंदी साडेतीन इंच आणि मधली पट्टी बरोबर एक इंच यायला हवी. हे टाळू नका. प्रत्येक कापडातून शिलाईत अर्धं सूत जास्त गेलं तर एका जोडात एक सूत जातं. तीन नाइन पॅचच्या रांगेत जोड किती? ब्लॉकच्या आत सहा आणि ब्लॉकमध्ये दोन, एकूण आठ. म्हणजे अख्खा एक इंच कमी. साडेसत्तावीसच्या जागी साडेसव्वीस, आणि मग सॉफ्टवेअरला दोष.

दोन्ही प्रकारचा एकेक ब्लॉक शिवा, साडेनऊ × साडेनऊ आला तरच बाकीचं कापड कापा. सव्वानऊ आला तर सुईची जागा सरकवा आणि पुन्हा शिवा.

१०. आता पॅनल कापायचा

२३ × ४१.२५. चित्राच्या कडेपासून पाव इंच बाहेर, चित्र सरळ धरून. कापल्यावर दोन्ही कर्ण मोजा, दोन्ही साधारण सव्वासत्तेचाळीस यायला हवेत. एक ४७ आणि दुसरा साडेसत्तेचाळीस असेल तर पॅनल तिरका आहे, परत स्टार्च मारून ओढून घ्या.

कोपिंग पट्ट्या हिशोबाच्या मापाने नका कापू, चारही ३ इंच रुंद कापा. आधी बाजूच्या, ४१.२५ लांब, पॅनलच्या मध्यापासून पिना लावत दोन्हीकडे जा. त्या लावल्यावर मध्ये आडवं मोजा आणि वर-खालच्या पट्ट्या त्या लांबीच्या कापून लावा. सगळ्या लागल्यावर पूर्ण तुकडा साडेसत्तावीस × साडेपंचेचाळीसवर कापून घ्या, चित्र मधोमध ठेवून: बाजूच्या शिलाईपासून अडीच इंच बाहेर, वर-खालच्या शिलाईपासून सव्वादोनवर १ सूत बाहेर. पॅनल मोजताना जी छोटी चूक झाली असेल ती या जास्तीच्या कापडात जिरते, आणि ब्लॉकच्या रांगांना हवं ते माप नेमकं मिळतं.

पुढे आधी बाजूच्या पाच-पाच ब्लॉकच्या रांगा, साडेपंचेचाळीस लांब. त्या लावल्या की रुंदीही साडेपंचेचाळीस होते, म्हणून कोपऱ्यांसकट वर-खालच्या रांगाही पाच-पाच ब्लॉकच्या, त्याच लांबीच्या. चारही रांगा टेबलावर एकमेकींवर ठेवून बघा, लांबी सारखी असेल तरच शिवायला घ्या. बाहेरच्या बॉर्डरची लांबी मात्र कडेवर मोजू नका, क्विल्टच्या मध्यावर मोजा. कडा ताणलेल्या असतात, त्यांच्यावर विसंबून बॉर्डर कापली की ती लाटांसारखी फुगते.

प्रोजेक्टची फाइल ठेवून द्या. पुढचा पॅनल आला की मधल्या आयताचे दोन आकडे आणि कोपिंग पट्टीचे दोन आकडे बदलायचे. २७ × ४५ मध्ये बसणारा पॅनल असेल तर बाहेरचे वीस ब्लॉक, बॉर्डर, बाइंडिंग, सगळं तसंच चालतं.